वावराजवळच्या दगडांच्या रिंगणाखाली गुप्तधन असतं का? त्यातले गोटे धुऱ्याला वापरले तर चालतील का?

तुम्ही लिहिलंय की वावराला लागून मोठ्या गोट्यांचं रिंगण आहे, मधे मुरमाचा उंचवटा आहे आणि बाजूला पुरातत्त्व खात्याची पाटी आहे. मी नागपूर जिल्ह्यातलाच आहे, अशी रिंगणं बघतच मोठा झालो. ही दफनाची जागा आहे, लोहयुगातली, मोटामोटी अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची.

धनाच्या आशेनं कृपा करून खणू नका. नागपूरजवळ जुनापाणीला अशी तीनशेच्या आसपास शिळावर्तुळं आहेत. रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात तिथं खोदकाम केलं. पुढे टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड इथं शां. भा. देव यांच्यासारख्या अभ्यासकांनी उत्खननं केली. निघाली ती काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, तांब्याच्या वस्तू, मणी आणि हाडं. काही ठिकाणी माणसासोबत घोडाही पुरलेला होता, लोखंडी लगाम आणि तांब्याच्या साजासकट! नैकुंडला तर लोखंड गाळायची भट्टी सापडली. म्हणजे आपल्या या काळ्या मातीत तेव्हा लोहार होते, घोडेस्वार होते. त्यांनी लिहून काहीच ठेवलं नाही. कोणती वस्तू कोणाजवळ, किती खोल ठेवली होती, एवढ्यावरूनच त्यांची ओळख पटते. रात्री कोणी सब्बल घेऊन शिरला, की त्याच्या हाती गंजकं लोखंड आणि खापरं येतात, आणि ही मांडणी कायमची मोडते.

गोटेसुद्धा हलवू नका. जुनापाणीच्या कित्येक गोट्यांवर वाटीसारखे छोटे खळगे मुद्दाम कोरलेले आहेत. तुमच्याकडचेही सकाळच्या तिरप्या उन्हात नीट बघा.

कायद्याचं म्हणाल तर प्राचीन स्मारकांबद्दलच्या १९५८च्या केंद्रीय कायद्यानुसार संरक्षित स्थळाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आहे, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. पण शेतकऱ्यानं घाबरायचं कारण नाही. संरक्षित जागा तुमच्या सातबाऱ्यात येत असली, तरी एक फुटापेक्षा खोल न खणता पीक घेण्याला हा कायदा आड येत नाही. विहीर, शेततळं, मुरूम काढणं मात्र तिथं नाही.

नांगरताना खापर किंवा लोखंड वर आलंच, तर आहे तिथंच राहू द्या, मोबाईलवर फोटो घ्या आणि तलाठ्याला किंवा पुरातत्त्व खात्याच्या नागपूर कार्यालयाला कळवा.