नवीन टायर बसवताना अलॉय व्हीलवर चरे पडले, तर जबाबदार कोण?

तुम्ही लिहिलंय की काल चारही टायर नवे बसवले आणि आज गाडी धुताना तीन अलॉय व्हीलच्या कडेला, टायरला अगदी लागून, बारीक गोल चरा दिसला. चौथ्या चाकावर बाहेरच्या बाजूला वीतभर खरबरीत खरचटलेलं आहे. दुकानदार म्हणतो, "हे आधीपासूनच होतं." टायर बसवायच्या मशीनवर मी बरीच वर्षं काम केलंय, म्हणून आधी थेट उत्तर देतो. तुमच्या वर्णनावरून तीन चाकांची जबाबदारी दुकानाची आहे आणि चौथ्याची बहुतेक तुमची.

हे मी कशावरून म्हणतो? मशीनचा प्रत्येक भाग रिमवर आपापल्या जागीच आणि आपापल्या आकाराचीच खूण सोडतो. टायर काढताना आणि चढवताना रिमच्या कडेवर मशीनचं वाकडं डोकं येतं आणि रिम त्याच्याखाली गोल फिरते. डोकं आणि कड यांच्यात दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवायची असते, शिवाय अलॉयसाठी डोक्याला प्लास्टिकचा तुकडा लावतात. हा तुकडा झिजतो. झिजला की त्याच्या आडून धातू डोकावायला लागतो आणि मग चाक फिरेल तसा कडेवर एकसारखा, बारीक, गोल चरा उमटत जातो. मशीनचा दांडा ढिला झाला असेल आणि फट राहिली नसेल, तरी हेच होतं. तुमच्या तीन चाकांवर एकाच जागी, एकाच प्रकारचा चरा आहे. रस्त्यावर तीन चाकांना असं एकसारखं, तेही टायरला चिकटून, कधीच लागत नाही.

बाकीच्या खुणाही ओळखता येतात. कडेवर एकाच ठिकाणी खोल खाच किंवा टवका असेल, तर ते लिव्हरचं काम. लोखंडी लिव्हरखाली प्लास्टिकची टोपी न घालता जोर लावला की असं होतं. अर्धचंद्रासारखी घासटी दिसली, तर जुना टायर रिमपासून सुटा करणारं फावडं कडेच्या फार जवळ लावलं होतं. एकमेकांपासून सारख्या अंतरावर, साधारण 90 अंशांवर, चार दाबल्यासारख्या खुणा असतील तर त्या रिम पकडणाऱ्या जबड्यांच्या. चाक सहसा तोंड वर करून ठेवतात, त्यामुळे जबड्यांच्या खुणा बहुधा मागच्या कडेवर पडतात. पण काही रिमचा खोलगट भाग मागच्या बाजूला असतो. त्या पालथ्या ठेवूनच टायर बसवावा लागतो आणि तेव्हा जबडे पुढची कड धरतात. म्हणून चाकाच्या दोन्ही बाजू बघा, मागची बाजू बघायला लोक विसरतात.

फूटपाथला घासल्याची खूण अगदी वेगळी असते. ती कडेच्या सगळ्यात बाहेर आलेल्या भागावर असते, खरबरीत असते, आणि चाकाच्या पूर्ण घेराला न लागता काही भागावरच पसरलेली असते. पुष्कळदा बाजूचा टायरही तिथेच घासलेला दिसतो. तुमच्या चौथ्या चाकाचा टायर नवा असूनही त्यावर घासल्याची खूण असेल, तर ते टायर बसवल्यानंतर लागलंय. टायर स्वच्छ आणि रिम खरचटलेली असेल, तर जुन्या टायरसोबतच ते झालं असण्याची शक्यता जास्त. खरचटलेल्या भागात मळ बसून तो काळवंडलाय की धातू लख्ख चमकतोय, हेही बघा. ताज्या चऱ्याच्या कडा धारदार लागतात, नख अडकतं. जुन्या चऱ्यात मळ असतो, ॲल्युमिनियम निस्तेज झालेलं असतं, आसपासचं क्लिअरकोट (रंगावरचा पारदर्शक थर) उचलून आत पांढरट पडलेलं असतं.

नटांची भोकं आणि मधला भागही तपासा. नट आवळायच्या गनचा सॉकेट जाड असला आणि त्यावर प्लास्टिकचं आवरण नसलं, की नटाभोवतीचा रंग गोल सोलतो. बॅलन्सिंग करताना चाक मधल्या भोकात शंकू घालून आवळतात, तिथेही खुणा राहतात. दोन्ही दुकानाच्याच.

बॅलन्सिंगसाठी चाकाला जी छोटी वजनं लावतात, त्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण हे नुकसान महिन्यांनी दिसतं आणि तोवर कोणाला टायर बसवल्याची आठवणही राहत नाही. अलॉयच्या कडेवर ठोकून बसवायचं क्लिपचं वजन लावलं, तर क्लिप क्लिअरकोट फोडू शकते. त्या फटीतून पाणी आत जातं, दोन वेगळे धातू ओल्या जागी एकमेकांना लागून राहतात आणि ॲल्युमिनियम गंजायला लागतं. डायमंड कट, म्हणजे लेथवर कातून चकचकीत केलेल्या चाकावर हे सगळ्यात वाईट. त्याच्या चकचकीत भागावर रंग नसतोच, उघड्या ॲल्युमिनियमवर फक्त पारदर्शक थर असतो. तो एकदा फुटला की त्याच्याखाली किडे फिरल्यासारख्या पांढऱ्या रेघा पसरत जातात. म्हणून अलॉयला आतल्या बाजूने चिकटवायची वजनं लावावीत. काही रिमची कड क्लिपसाठीच बनवलेली असते, तिथे आवरण दिलेली क्लिप चालते. जुनी चिकटवजनं पत्र्याच्या पट्टीने खरवडून काढली असतील, तर तीही निष्काळजीच.

आता दुकानदाराच्या बाजूनेही सांगायला हवं. काही रिम आधीच दुसऱ्यांदा रंगवलेल्या असतात आणि रंगाचा जाड थर टायरच्या कडेला चिकटून बसलेला असतो. टायर सुटा करताना कितीही जपलं तरी तो थर सोलला जातो. कड गंजून टायर रिमला घट्ट चिकटला असेल, तरी तसंच. लो प्रोफाइल (बुटक्या बाजूच्या) आणि रनफ्लॅट (हवा गेली तरी थोडं चालणाऱ्या) टायरची बाजू ताठ असते, त्यामुळे धोका आणखी वाढतो. अशा वेळी चांगला माणूस काम सुरू करायच्या आधीच बोलावून दाखवतो, "इथला रंग निघेल, चालेल का?" तुम्ही हो म्हणालात, तर ती जोखीम तुमची. त्याने न सांगताच काम उरकलं, तर रंग कमकुवत होता हे कारण नंतर पुढे करणं मला तरी पटत नाही. मशीनवर उभा असलेला माणूस ते तुमच्याआधी बघतो. टायर ताठ होता ही सबबही चालत नाही. ताठ टायरसाठी लिव्हरशिवाय चालणारी मशीनं आहेत, मदतीचे रोलर आहेत. साधन नसेल तर काम नाकारता येतं.

"रिमच्या नुकसानीस आम्ही जबाबदार नाही" अशी पाटी लावलेली असली तरी घाबरू नका. न टाळता येणारी जोखीम आधी सांगितली, तर तिला अर्थ आहे. झिजलेलं प्लास्टिक बदललं नाही, या हलगर्जीपणावर पाटी पांघरूण घालू शकत नाही. दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेतली की तिची वाजवी काळजी घ्यायची, हे तत्त्व कित्येक देशांच्या कायद्यात आहे. मात्र वस्तू दिली तेव्हा चांगली होती, हे आधी तुम्हाला दाखवावं लागतं. म्हणूनच टायर बदलायच्या आधी चारही चाकांचे फोटो काढलेले बरे. तुमच्याकडे आधीचे नसतील, तर फोनमधले गाडीचे जुने फोटो शोधा, कुठे ना कुठे चाक आलेलं असतं.

गाडी गॅरेजला दिली आणि गॅरेजने टायर बाहेरून बसवून आणले, तर तुम्हाला जाब देणारं गॅरेज. टायर एकीकडून घेतले आणि दुसरीकडे बसवले, तर ज्याने बसवायचे पैसे घेतले तो. आणि भरपाई दुकानाने द्यायची असते, मशीनवरच्या पोराच्या पगारातून कापून नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण असं कापलेलं मी पाहिलंय. प्लास्टिकचे तुकडे वेळेवर आणून देणं हे मालकाचं काम आहे.

आजच जा. चरा घासू नका, त्यावर पॉलिश लावू नका, परस्पर रंगकामाला देऊ नका. फोटो तिरप्या उजेडात काढा, टायरवरची अक्षरं फोटोत यायला हवीत, म्हणजे नवा टायर बसलेला असतानाचा चरा दिसेल. दुकानात आवाज न चढवता म्हणा, "मशीनचं डोकं बघू द्या." प्लास्टिकचा तुकडा झिजलेला असेल, तर पुढचं बोलणं सोपं होतं. मान्य झालं की काय दुरुस्त करणार, ते बिलावर लिहून घ्या. सहसा नवीन चाक मागणं वाजवी नसतं, फिनिश पूर्ववत करून मागा. डायमंड कट असेल तर ते लेथवर कातावं लागतं, नुसता ब्रशने रंग ओढून चालणार नाही, आणि दर वेळी थोडा धातू जातो म्हणून हे फार वेळा करता येत नाही. खाच खोल असेल, तर चाकाला तडा नाही ना, हे रंगाआधी तपासून घ्या. तडा असलेलं चाक वापरू नका.

चौथं चाक या मागणीतून वगळा. त्या खरचटीचे पैसे मागितलेत, तर दुकानदार तेवढ्यावरच बोट ठेवेल आणि तीन चाकांवरचा खरा चरा बाजूला पडेल.