रेक, रॅक आणि वाघीण

अमळनेरच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे: "पेपरात 'युरियाची रॅक लागली' असं छापून येतं. परवा भुसावळला फलाटावर एक रेल्वे कर्मचारी दुसऱ्याला सांगत होते, 'रेक अजून आलेला नाही.' रॅक आणि रेक एकच का? बाई की बुवा? आणि सरळ 'गाडी' म्हटलं तर काय बिघडतं?"

शेवटचं आधी घेतो. बिघडतं, थोडंसं. आपली कोल्हापूर–गोंदिया महाराष्ट्र एक्सप्रेस घ्या. चाळीसगाव, जळगाव, भुसावळ, कुठेही उभे राहा, 'महाराष्ट्र गेली का?' एवढंच विचारतात. पण ही गाडी एका बाजूने पोचायलाच दिवसापेक्षा जास्त घेते आणि सुटते मात्र दोन्हीकडून रोज. म्हणजे एकाच वेळी रुळांवर एकाहून जास्त 'महाराष्ट्र' असतात. गाडी म्हणजे नाव, नंबर आणि वेळापत्रक. ते नाव लावून जी एकमेकांना जोडलेली डब्यांची रांग धावते, ती रेक. तीच रांग जाताना 11039 असते आणि परतताना 11040. इंजिन रेकमध्ये धरत नाहीत, ते वाटेत बदललं तरी रेक तोच. तेव्हा 'रेक आलेला नाही' याचा अर्थ गाडी रद्द नाही, कदाचित इंजिनही तयार आहे, पण डबेच अजून मागे कुठेतरी अडकलेत.

बोलीत आपल्याला हा फरक फारसा लागत नाही. पाचोरा–जामनेरच्या छोट्या गाडीला लोक 'पीजे' म्हणायचे. गेलेलीच गाडी परत येताना दिसायची, तिथे रेक वेगळा आणि गाडी वेगळी असं सुचणार कुणाला?

आता शब्द. इंग्रजीत बागेतल्या दंताळ्यालाही रेकच म्हणतात, पण हा तो नव्हे. हा स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या बोलीतून आला आणि त्याचं मूळ जुन्या नॉर्स भाषेत 'पट्टा, ओरखडा' अशा अर्थाच्या शब्दाशी लावतात. एकामागे एक जोडलेल्या डब्यांची लांबलचक पट्टी. (आपल्या 'रेघे'शी नातं जोडायचा मोह होईल. आवरा. रेघ ही रेखेची लेक.)

मग रॅक कुठून आली? उच्चाराच्या गोंधळातून. पुस्तकांचं रॅक, चपलांचं रॅक घरोघरी होतं. नवा शब्द कानावर आला तो ओळखीच्या शब्दाच्या साच्यात बसला. माल वेळेत उतरवला नाही तर रेल्वे जो दंड लावते, त्या 'डेमरेज'चं मालधक्क्यावर 'डॅमरेज' झालं तेही असंच. 'डॅमेज' आधीच ठाऊक होतं. पण या खेळातला मराठीचा अव्वल नमुना म्हणजे वाघीण. वॅगनची वाघीण करणाऱ्या माणसाला माझा दंडवत. आज शब्दकोशातही मालगाडीच्या डब्याला वाघीण आहे आणि ती वाचताना कुणाला जंगल आठवत नाही.

माझे एक काका मालधक्क्यावर मुकादम होते. रावेर-सावद्याकडून केळी भरून दिल्लीकडे जायची तेव्हा ते 'केळीची रॅक' म्हणायचे आणि खत उतरायचं तेव्हा 'खताची रॅक'. कॉलेजात असताना मी शहाणपणाने त्यांना सांगितलं, "काका, रेक म्हणा." ते म्हणाले, "म्हणतो ना भाऊ. तू म्हणलास म्हणून डॅमरेज माफ होईल का?"

छापताना मात्र मी 'रेक'च लिहीन. बोलण्यातली रॅक खुशाल राहू द्या. बातमीत 'स्टेशनवर युरियाची रॅक' वाचून फडताळात रचलेल्या गोण्या डोळ्यांपुढे येऊ नयेत इतकंच.

लिंगाचं म्हणाल तर दोन्ही चालतात आणि दोन्हींना कारण आहे. धक्क्यावरच्या माणसाच्या मनात 'गाडी' आणि 'वाघीण' असते, म्हणून 'रेक लागली'. रेल्वे कर्मचाऱ्यांच्या बोलण्यात हिंदीची सरमिसळ आणि हिंदीत रेक पुल्लिंगी, म्हणून 'रेक आला'. मला प्रवासी गाडीचा रेक आणि मालाची रेक अशी वाटणी कानाला बरी वाटते. नियम म्हणून नव्हे.

ताईंनी जाताजाता विचारलंय की रेक ओळखतात कसा. नेहमीच्या गाडीच्या रेकवर त्याचं स्वतःचं नाव नसतं. ओळख असते ती डब्याडब्याची आणि ती दाराजवळ रंगवलेली असते. समजा, 'मरे 08214' असं दिसलं. 'मरे' म्हणजे मध्य रेल्वे (हो, हा विनोद पिढ्यान् पिढ्या चालू आहे). 08 म्हणजे डबा 2008 सालचा. उरलेले तीन आकडे डब्याचा प्रकार सांगतात: 201 ते 400 म्हणजे स्लीपर, 401 ते 600 म्हणजे जनरल. म्हणजे 214 हा स्लीपर. ही पाच आकड्यांची जुनी पद्धत. हल्ली काही डब्यांवर सहा आकडे दिसतात. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारकडे 'परे' जास्त दिसेल, कारण तो मार्ग पश्चिम रेल्वेचा. खानदेश एक्सप्रेससुद्धा नावाने आपली, कारभाराने पश्चिमेची.

नंबराशेजारची अक्षरं जास्त मजेदार. जुन्या निळ्या स्लीपरवर डब्ल्यू-जी-एस-सी-एन असतं. डब्ल्यू म्हणजे एका डब्यातून दुसऱ्यात जायची वाट आहे. जी म्हणजे डबा आपली वीज आपणच चाकांच्या फिरण्यातून तयार करतो. एस म्हणजे सेकंड क्लास, आणि सी-एन म्हणजे तीन मजली बर्थ. एसीच्या टू टियरला शेवटी सी-डब्ल्यू येतं. तिथला डब्ल्यू पहिल्या डब्ल्यूचा कुणी नाही. नव्या लाल, मूळ जर्मन धाटणीच्या एलएचबी डब्यांत सुरुवात एल-डब्ल्यूने होते आणि जी नाहीसा होतो, कारण दिवे-पंख्यांची वीज पॉवर कारमधून, म्हणजे जनरेटरच्या डब्यातून, किंवा इंजिनातून येते. पण एसएलआर या सामानाच्या आणि गार्डच्या डब्यातला एल म्हणजे लगेज. शिवाय तिकिटावरच्या 'एस 4' मधला एस स्लीपरचा, सेकंडचा नव्हे. अक्षर तेच, जागा बदलली की अर्थ बदलला. भाषेत हे आपण रोज करतो, रेल्वेने केलं की बुचकळ्यात पडतो.

वाघिणींचं आणखी निराळं. तिथे बीसीएन लिहिलं असेल तर सी म्हणजे झाकलेली आणि एन म्हणजे हवेचे ब्रेक. तीन मजली बर्थ वगैरे काही नाही. तिचा नंबर अकरा आकडी. शेवटचा आकडा आधीच्या दहांवरून हिशेब करून काढलेला, उतरवून घेताना चूक झाली तर पकडता यावी म्हणून. काकांच्या वहीत असे नंबर ओळीने असत.

बीसीएनमधल्या बीने मात्र माझी फजिती केली. बी म्हणजे बोगी, आणि बोगी म्हणजे अख्खा डबा असं मी चाळीस वर्षं धरून चाललो होतो. रेल्वेच्या भाषेत बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा गाडा. एका डब्याखाली असे दोन. 'आमची बोगी पुढे आहे' हे वाक्य रेल्वेच्या माणसाला ऐकवलं तर तो खाली वाकून चाकं बघेल. तरीही मी 'बोगी' सोडलेली नाही. ताई, तुम्हीही रॅक सोडायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. फक्त 'डबेमालिका' वगैरे घडवलेला शब्द सुचवू नका. भुसावळच्या फलाटावर तो उच्चारायचा म्हटलं तर मलाच लाज वाटेल.