गटाच्या सादरीकरणानंतर चिंतन लिहिताना

सादरीकरण पार पडलं ना? मग चिंतनाची टिपणं आज रात्रीच काढ. दोन दिवसांनी फक्त टाळ्या आठवतात. शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्ज यांच्या १९८८च्या चिंतन-चक्रात, म्हणजे अनुभवाकडे टप्प्याटप्प्याने मागे वळून पाहायच्या पद्धतीत, सहा टप्पे आहेत: वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, पुढची कृती. बहुतेक जण वर्णनातच पान भरतात. ते चार ओळींत उरक आणि विश्लेषणाला वेळ दे. ‘समन्वय कमी पडला’ एवढ्याने काही कळत नाही. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होताना सगळे का अडखळले? प्रत्येकाने आपापला भाग घरीच पाठ केला, एकत्र तालीम झालीच नाही, म्हणून? मग तेच लिही. सोबत्यांवर खापर फोडू नकोस. त्यात तुझा वाटा किती, ते सांग. पुढच्या कृतीत ‘जास्त सराव करू’ असं मोघम नको. तालीम कधी, कुठे, वेळ कोण मोजणार, हे नेमकं लिही.