औषध महाग, आजार कायमचा. मग परदेशी जावं की नाही?

आजार सांगितला तर व्हिसा जातो आणि लपवला तर तिकडं औषध मिळत नाही, अशा कात्रीत सापडलेली मुलं बेळगावात माझ्याकडे समुपदेशनाला येतात, तेव्हा बहुतेकदा निकाल आधीच दुसऱ्या कुणीतरी देऊन टाकलेला असतो. एजंटानं, मामानं, नाहीतर तिकडं असलेल्या मित्रानं. त्यातल्या एकाची हकीकत त्याच्या परवानगीनं, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

मुलगा येळ्ळूरकडचा, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत डिझाइन इंजिनिअर, अजून तिशी न गाठलेला. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे पाठीचा कणा आखडवत नेणारा संधिवात. दर पंधरा दिवसांनी अडालिमुमॅबचं इंजेक्शन. महिन्याचा खर्च वीस हजारांच्या घरात, आणि तोसुद्धा २०१४ पासून भारतीय कंपन्या हे औषध बनवू लागल्या म्हणून. इंजेक्शन वेळेवर असलं की तो तुमच्याआमच्यासारखा दिवसभर काम करतो. चुकलं की सकाळी भिंत धरून उठतो. जर्मनीतल्या कारखान्याचं नोकरीचं पत्र हातात होतं, ऑस्ट्रेलियाही डोक्यात होती. एजंटानं सांगितलं होतं, "आजाराच्या रकान्यात 'नाही' लिहा, कोण बघतंय?"

समुपदेशकानं उत्तरं द्यायची नसतात, समोरच्याला ती शोधू द्यायची असतात, हे मी मानते. पण इथं मी सरळ नको म्हटलं. खोटी माहिती उघड झाली तर ऑस्ट्रेलिया तीन वर्षं आणि कॅनडा पाच वर्षं दार बंद करू शकतो. आणि 'आजार नाही' असं ज्या देशाला लिहून दिलं, तिथंच पंधरा दिवसांत त्या आजाराचं इंजेक्शन मागायला जायचं, हे जमणार कसं?

मग आम्ही देश वेगवेगळे करून बघितले. 'परदेश' म्हणून एकच काहीतरी असतं असं धरून घरोघरी भीती वाढते. ऑस्ट्रेलिया अर्जदाराच्या उपचाराचा तिथल्या सरकारवर किती बोजा पडेल याचा हिशोब करते. जुलै २०२४ पासून या बोज्याची मर्यादा ८६,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे आणि कायमच्या व्हिसासाठी अशी इंजेक्शनं त्या हिशोबात जड जातात. न्यूझीलंडची मर्यादा ८१,००० न्यूझीलंड डॉलर. कॅनडाही असाच हिशोब मांडतो, मात्र २०१८ मध्ये त्यानं आपली मर्यादा तिप्पट केली. ब्रिटन खर्चावरून अडवत नाही. नोकरीच्या व्हिसासोबत वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार आधीच भरून घेतो. जर्मनीच्या नोकरीच्या व्हिसाला असा हिशोब नाही. तिथल्या सरकारी चौकटीतल्या आरोग्य विम्यात नोकरदाराला जुना आजार विचारून नाकारत नाहीत. एका औषधामागे स्वतःच्या खिशातून पाच ते दहा युरो द्यायचे, आणि दीर्घ आजार असलेल्याला वर्षभरात एकूण उत्पन्नाच्या एक टक्क्याहून जास्त भार सोसावा लागत नाही. खासगी विमा मात्र आजार विचारतो, नाकारतोही. जास्त पगारवाल्याला तो स्वस्त म्हणून गळ्यात मारला जातो. अशा रुग्णानं त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

हे सगळं ऐकून मुलगा हलका झाला. आई झाली नाही.

तिला मी वेगळं बसवलं. "चार वर्षं झाली, लाईट गेली की मीच पळतो ना इंजेक्शन घेऊन शेजारच्यांच्या फ्रीजमध्ये ठेवायला," ती म्हणाली. "टोचायच्या अर्धा तास आधी ते बाहेर कोण काढणार? तिकडं थंडीत त्याची पाठ धरली तर कुणाला हाक मारणार हो?" मी तिला औषध, विमा, पैसे यांतलं काही समजावलं नाही. ती प्रश्न विचारत होती औषधाचे, पण तिच्या मनात दुसरंच होतं. त्या आजारात तिची एक जागा तयार झाली होती आणि मुलगा गेला की ती जागाही जाणार होती. भाऊबंदांत आजार लपवलेला, 'कंबर धरते' एवढंच सांगितलेलं. त्यामुळे हे बोलायलाही तिला कुणी नव्हतं. आणि मुलगा मला म्हणाला होता, "रोज सकाळी मी चालताना आई मागनं बघत असते. ते मला सहन होत नाही." दोघांनी हे एकमेकांना कधीच सांगितलं नव्हतं. माझ्यासमोर सांगितलं तेव्हा बराच वेळ रडारड झाली. त्यानंतर ठरलं की पहिले तीन महिने इंजेक्शनच्या दिवशी तो आईला व्हिडिओ कॉल करील, पुढं नाही. तीन महिन्यांची मुदत आईनंच सांगितली.

जर्मनीच्या तयारीचं पुष्कळ होतं. संधिवाताच्या डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र, त्यात औषधाचं मूळ नाव, कारण आपल्याकडचा ब्रँड तिकडं कुणाला कळत नाही. क्षयाच्या तपासणीचा अहवाल. या इंजेक्शननं दबलेला क्षय उसळू शकतो, म्हणून तिकडचे डॉक्टर तो मागणारच. तिथं तज्ज्ञाची वेळ मिळायला महिने लागतात, तेव्हा स्वतःपुरता तीन महिन्यांचा साठा बरोबर नेता येतो तो न्यायचा. इंजेक्शनं केबिन बॅगेत, थंड पिशवीत. सामानात टाकली तर विमानाच्या पोटात गोठून वाया जाऊ शकतात. आधार कार्ड कर्नाटकाचं, म्हणून पुण्यात मावशी असूनही व्हिसासाठी बेंगळुरूच गाठावं लागलं.

सगळ्यात नेमका प्रश्न वडिलांनी विचारला. एरवी ते गप्प असायचे. "नोकरी गेली तर?" तिथलं परमिट नोकरीला बांधलेलं, पहिले सहा महिने बहुधा प्रोबेशनचे. परत यावं लागलं तर इथं उपचार लगेच सुरू व्हायला हवेत. म्हणून इथल्या डॉक्टरांशी संबंध तोडायचा नाही, दोन महिन्यांच्या इंजेक्शनांचे पैसे बाजूला ठेवायचे आणि इथली आरोग्य पॉलिसी चालूच ठेवायची. ती बंद पडली आणि नव्यानं घेतली, तर जुन्या आजारासाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबवता येतं. पॉलिसीचा हप्ता वडील भरणार आहेत. ऑस्ट्रेलियाचा विचार मुलानं सध्या बाजूला ठेवलाय. जर्मनीत प्रोबेशन पूर्ण झाल्यावर पुन्हा बसून बोलायचं असं आमचं ठरलंय.