हिटर प्लग काढायचाय? आधी हातातला पाना बघा

थंडी सुरू झाली की डिझेल गाडीवाल्यांचे प्रश्न येऊ लागतात आणि दर वर्षी गोंधळ तोच असतो. ग्लो प्लग, म्हणजे थंड डिझेल इंजिन सुरू व्हावं म्हणून आतून गरम करणारा, आपल्याकडे गॅरेजमध्ये ज्याला हिटर प्लग म्हणतात तो, घरी बदलायचा तर कोणती हत्यारं घ्यायची? यातल्या काही प्रश्नांची ही उत्तरं.

माझ्याकडे पेट्रोल गाडीची स्पार्क प्लगची गोटी (सॉकेट) आहे. ती चालेल का? (सोलापूर)

नाही. ती सहसा १६ किंवा २१ मिलिमीटरची असते. हिटर प्लगला बहुतेक वेळा ८, ९, १० किंवा १२ मिलिमीटरची लागते.

ऑनलाइन शंभराहून जास्त नगांचा संच सवलतीत मिळतोय. वर 'डिझेल स्पेशल' लिहिलंय. घेऊ का? (नाशिक)

नका घेऊ. त्यातले बहुतेक नग तुमच्या पेटीत गंजत पडतील आणि नेमकी हवी ती गोटी आखूड निघेल. 'डिझेल स्पेशल' हे शब्द खोक्यावर छापायला काही खर्च येत नाही.

नवा प्लग आधी आणा आणि तो हातात धरून गोटी निवडा. प्लगचं वायर जोडायचं टोक गोटीच्या पोकळीत पूर्ण शिरलं पाहिजे आणि तरीही गोटीने षटकोन नीट पकडला पाहिजे. म्हणून खोल गोटी लागते. ती सहा कोनांचीच घ्या. बारा कोनांची गोटी जाम प्लगवर घसरते, षटकोन गोल होतो आणि मग पकडायला काही उरत नाही. गोटीची भिंत पातळ हवी, कारण बऱ्याच इंजिनांत प्लग इंजेक्टरच्या पाइपांमागे अडचणीत बसवलेला असतो. सोबत पाव इंची (गोटी बसते त्या चौकोनी टोकाचं माप) रॅचेट, म्हणजे गोटी फिरवायचा दांडा, तो लांबवायला एक-दोन एक्स्टेंशन आणि गरज पडली तर तिरप्या कोनातून फिरवायला युनिव्हर्सल जॉइंट. वायरची टोपी काढायला लांब, वाकड्या तोंडाचा चिमटा घ्या. टोपी धरून ओढा, वायर धरून कधीच नाही.

एक मात्र बजावून सांगतो. जागा करायची म्हणून इंजेक्टरचे पाइप सैल करू नका. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामायिक नळीतून डिझेल मिळतं त्या इंजिनात, तिथे हजाराच्या वर बार दाब असतो. पाइप काढल्याशिवाय हात पोचत नसेल तर ते काम गॅरेजचं आहे.

आमचे मेकॅनिक एअर गनने (हवेच्या दाबावर चालणाऱ्या पान्याने) प्लग खोलतात. 'टॉर्क पाना फक्त आवळायला असतो, खोलताना त्याचं काय काम,' असं म्हणतात. बरोबर आहे का? (सांगली)

साफ चूक. हा समज किती हेडांचं (सिलिंडरवरच्या झाकणाचं, ज्यात प्लग बसतो) नुकसान करतो ते मी वर्षानुवर्षं बघतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. टॉर्क पाना म्हणजे ठरवलेल्या जोराला पोचला की 'टक' वाजणारा पाना.

हिटर प्लग म्हणजे आतून पोकळ, बारीक नळी. तिचं टोक ज्वलनकक्षात असतं आणि भोवती काजळी साचते. त्या काजळीने तो धरून ठेवला की वरून पीळ दिल्यावर आटे सुटण्याआधी प्लगच तुटतो. म्हणून प्लग बनवणाऱ्या कंपन्या आवळायच्या जोरासोबत खोलताना न ओलांडायचा जोरही देतात. ८ मिलिमीटर आट्याच्या प्लगला तो साधारण २० न्यूटन मीटर असतो, १० मिलिमीटरला ३५. आवळायचा जोर याहून खूप कमी: ८ ला सुमारे १०, १० ला १२ ते १८. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

आता २० न्यूटन मीटर म्हणजे किती? २० सेंटिमीटर लांब दांड्याच्या टोकाला जेमतेम १० किलोचा जोर. त्याच दांड्याला पाइप घालून तो अर्धा मीटर केलात तर ४ किलो पुरतो. एवढा जोर मनगटाला कळतसुद्धा नाही, आणि एअर गनमध्ये तर अंदाज घ्यायला वावच नाही. पेटीतला अर्धा इंची टॉर्क पानाही इथे निरुपयोगी, कारण तो बहुधा ४० न्यूटन मीटरच्या आसपास सुरू होतो. ८ मिलिमीटर आट्याच्या प्लगला पाव इंची, ५ ते २५ न्यूटन मीटरचा पाना घ्या. काही पाने एकाच दिशेला 'टक' करतात. खोलायला दोन्ही दिशांनी चालणारा लागतो, हे दुकानात विचारूनच घ्या.

मर्यादेवर पाना वाजला आणि प्लग हलला नाही, की थांबा. अजून थोडा जोर लावायचा नाही. त्या मेकॅनिकना कंपनीचा आकडा दाखवा. तरी गनच धरत असतील तर दुसरं गॅरेज बघा.

प्लग जाम आहे. रॉकेल ओतून रात्रभर ठेवलं की सुटतो, असं ऐकलंय. (रत्नागिरी)

ऐकीव गोष्टी इंजिनात ओतू नका. किनाऱ्यावरच्या हवेत आटे गंजतात हे खरं, पण त्यासाठी गंज सोडवणारं पेनिट्रेटिंग ऑइल मिळतं. आधी प्लगभोवतीची धूळ हवेने उडवा, तेल थोडंच मारा आणि रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी इंजिन चालवून चांगलं गरम करा, बंद करा, बॅटरीची ऋण तार सोडा, मग पाना लावा. हात भाजणार नाहीत असे हातमोजे घाला. सुटायला लागला की थोडा उलटा, थोडा सुलटा असा फिरवत काढा. तेलाने काजळी सुटत नाही. तरीही हलला नाही तर जाणकाराकडेच न्या.

जुना प्लग थेट बॅटरीला लावून लाल होतो का बघितलं तर? (छत्रपती संभाजीनगर)

मुळीच नको. नव्या इंजिनांतले कित्येक प्लग ५ किंवा ७ व्होल्टच्या आसपासचे असतात. १२ व्होल्टवर ते जळतात. मल्टिमीटर लावा. धातूच्या चांगल्या प्लगचा रोध साधारण एक-दोन ओहमच्या आत येतो, तुटलेल्याचा अनंत दाखवतो. प्लग ठीक निघाले तर दोष फ्यूज, रिले किंवा वायरिंगमध्ये असू शकतो, ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. सिरॅमिक प्लग हातातून पडला तर तो बसवूच नका. तडा दिसत नाही, पण तुकडा सिलिंडरमध्ये उतरतो.

नव्या प्लगच्या आट्यांना ग्रीस लावू का? (धुळे)

मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तरच, आणि तेच. टोकाला कधीच नाही.

वर्षभर डॅशबोर्डवरचा हिटर प्लगचा पिवळा वेटोळ्याचा दिवा लुकलुकत होता. गाडी सुरू होत होती म्हणून दुर्लक्ष केलं. आता काढताना एक प्लग अर्ध्यात तुटलाय. ड्रिलने काढू का? (जुन्नर)

वर्षभर! आपल्याकडच्या हवेत डायरेक्ट इंजेक्शनचं (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) इंजिन मेलेल्या प्लगवरही सुरू होतं, आणि त्यामुळेच माणसं थांबतात. तेवढ्या काळात काजळी घट्ट होते आणि टोक फुगलं असेल तर प्लग सरळ बाहेर येतच नाही.

ड्रिल हातात घेऊ नका. घरच्या ड्रिलची रेघ जराशी तिरपी गेली तरी ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे जातात आणि कीस आत पडतो. इंजिन सुरू करून बघू नका. तुटका भाग दाबाने बाहेर उडू शकतो, टोक सैल झालं असेल तर पिस्टनवर पडू शकतं. गाडी ढकलून किंवा टो करून न्या. तुटके प्लग काढायचे जिग, म्हणजे ड्रिल सरळ धरणारे मार्गदर्शक, ज्यांच्याकडे आहेत अशा इंजिन वर्कशॉपमध्येच द्या. 'हेड न उतरवता काढता का?' हे आधी विचारा आणि खर्च लिहून घ्या. बाकीचे प्लगही त्यांनाच काढू द्या. नवे बसवण्याआधी भोकातली काजळी तुमच्या प्लगच्या मापाच्या रीमरने (भोक खरवडून साफ करायच्या हत्याराने), त्याला ग्रीस लावून, साफ करायला सांगा.