मुलीच्या तीन रात्री वाया गेलेल्या नाहीत

लातूरहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी अकरावी सायन्सला, सोबत नीटचा क्लास. कॉलेजच्या विज्ञान लेखन स्पर्धेसाठी तिने घरातल्या झाडांवर लेख लिहायला घेतला. ‘तुळस आणि स्नेक प्लांट रात्रीही ऑक्सिजन सोडतात, असं नासाचं संशोधन सांगतं’ हे पहिलंच वाक्य, आणि मुलगी तिथेच अडली आहे. तीन रात्री तिने मूळ अहवाल शोधला आणि आता म्हणते, पप्पा, नासाने असं म्हटलेलंच नाही. वडिलांनी चॅटजीपीटीकडून पंचवीस संदर्भ काढून दिलेत, ते जोडायला ती तयार नाही. त्यांना दोन गोष्टी हव्या आहेत : बायोलॉजीचे संदर्भ पटापट मिळतील अशा वेबसाइटची नावं, आणि तोच लेख इंग्रजीत छापण्यासाठी एखादं इंटरनॅशनल जर्नल. एक जण पैसे घेऊन आठ दिवसांत छापून द्यायला तयार आहे. ‘आयएसएसएन नंबर आहे, म्हणजे अधिकृतच. पुढे मेडिकलला उपयोग होईल.’

नमस्कार,

तुमच्या पत्रातल्या एका ओळीपाशी मी बराच वेळ थांबले. ‘एका साध्या वाक्यासाठी तीन रात्री घालवल्या, स्पर्धेत कोण तपासायला बसलंय?’ तुम्ही ती तक्रार म्हणून लिहिली आहे. मी बरीच वर्षं मुलांचे प्रकल्प तपासते आहे, आणि संदर्भ म्हणून दिलेला मूळ कागद स्वतः उघडून बघितलेलं मूल मला क्वचित भेटतं. तुमच्या घरात ते आहे, आणि ते हट्टी आहे असं तुम्हाला वाटतंय. याची मला काळजी वाटते. तिच्या मार्कांची अजिबात नाही.

तिचं म्हणणं बरोबर आहे. नासाचा तो अहवाल १९८९ सालचा. हवाबंद पेटीत कुंडी ठेवायची, पेटीत बेंझिन, फॉर्मल्डिहाइड, ट्रायक्लोरोइथिलीन अशी रसायनं सोडायची आणि झाड व त्याखालची माती मिळून ती किती कमी करतात ते मोजायचं, असे ते प्रयोग. रात्रीचा ऑक्सिजन हा त्यांचा विषयच नव्हता. स्नेक प्लांट त्यात होतं, तुळस नव्हती. आणि पेटीतलं घरात जसंच्या तसं होत नाही. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१९ मध्ये अशा जुन्या प्रयोगांचे आकडे पुन्हा मांडले. इमारतीतली नेहमीची खेळती हवा जेवढी रसायनं बाहेर नेते, तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं, तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असं त्यांचं गणित निघालं. तुमच्या हॉलमध्ये माणसांना उभं राहायला जागा उरणार नाही.

ऑक्सिजनचं तर तिच्या अकरावीच्या पुस्तकातच आहे. तो पाण्याच्या विघटनातून सुटतो आणि त्याला प्रकाश लागतो. स्नेक प्लांटसारखी काही झाडं रात्री पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात, मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा वापरतात. ‘रात्री कार्बन डायऑक्साइड घेतात’ याचं सांगोवांगी ‘रात्री ऑक्सिजन देतात’ झालं, आणि कुणीतरी त्याला नासाचं नाव चिकटवलं. मुलीने ती गाठ सोडवली आहे. तिच्या लेखात नवीन असं हेच आहे, आणि तुम्ही तिला तेच झाकायला सांगताय.

पंचवीस संदर्भांबद्दल स्पष्टच लिहिते, राग मानू नका. तिने न वाचलेला एकही कागद तिच्या नावाखाली जाऊ देऊ नका. चॅटजीपीटीसारखी साधनं अस्तित्वातच नसलेले शोधनिबंध खऱ्यासारखी नावं, वर्षं, पानं घालून देतात. तुमच्या यादीतले कोणतेही पाच घ्या, शीर्षक जसंच्या तसं शोधा, डीओआय (प्रत्येक निबंधाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) डीओआयच्या साइटवर टाकून बघा. उघडला नाही, किंवा उघडून भलताच निबंध निघाला, तर उरलेल्या वीसांवर तरी कसा विश्वास ठेवायचा? तिला तीन संदर्भ पुरतील. पण परीक्षकांनी ‘यात काय आहे?’ विचारलं तर तिला सांगता आलं पाहिजे.

आता तो आयएसएसएन नंबर. बहुतेक पालकांची इथेच फसगत होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तो आठ अंकी क्रमांक म्हणजे नियतकालिकाची निव्वळ ओळख, मोटरसायकलच्या नंबरप्लेटसारखी. प्लेट आहे म्हणून चालवणाऱ्याला गाडी नीट येते असं आपण म्हणत नाही. अर्ज केला की क्रमांक मिळतो, आतला मजकूर खरा की खोटा हे तो देणारं कार्यालय तपासत नाही. ‘इंटरनॅशनल’ हा शब्द तर कुणीही नावात घालू शकतं. आणि हा घोळ फक्त पालकांचा नाही. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या संशोधकांनी यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, तेव्हाच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेली जर्नल नमुना म्हणून तपासली. त्यातली ८८ टक्क्यांहून जास्त जर्नल दर्जाच्या निकषांत बसली नाहीत. २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’ या विज्ञान नियतकालिकाने ते छापलं. प्राध्यापकांसाठीच्या यादीची ही गत, तर आठ दिवसांत छापून देणाऱ्या माणसाकडे तुमच्या मुलीचा लेख कोण वाचणार आहे? तज्ज्ञांकडून नीट तपासून घ्यायचं तर महिने जातात. चुकीच्या वाक्यासकट तिचं नाव मात्र कायमचं नेटवर राहील, आणि ती मोठी झाल्यावर तिलाच ते सलेल. पैसे देऊ नका.

मेडिकलचा प्रवेश नीटच्या ७२० पैकी मार्कांवर होतो, पेपर छापला म्हणून एकही मार्क वाढत नाही. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांना त्यांची स्वतःची अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट आहे. आणि तीन रात्री मूळ कागद शोधणाऱ्या मुलीला आयसर हा शब्द एकदा तरी ऐकवा. डॉक्टर व्हायचंय असं तिने तुम्हाला सांगितलंय का? पत्रात कुठे दिसलं नाही.

संदर्भांचं तिलाच सांगते. बाळा, आधी पाठ्यपुस्तक. मग बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीचं ‘रेझोनन्स’ मासिक बघ, १९९६ पासूनचे अंक फुकट आहेत आणि विद्यार्थ्यांना कळेल असं लिहिलेलं असतं. त्यानंतर पबमेड, शोधनिबंध शोधायची वेबसाइट. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचं आहे, फुकट आहे. तिथे आधी ‘रिव्ह्यू’ लेखांच्या पर्यायावर खूण कर, त्यात एका विषयावरचे अनेक निबंध एकत्र तपासलेले असतात. पण पबमेडमध्ये आहे म्हणून खरंच, असं धरू नकोस. एमएमआर लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा निबंध ‘लॅन्सेट’ने १९९८ मध्ये छापला आणि २०१० मध्ये मागे घेतला. पबमेडवर तो आजही दिसतो, मागे घेतल्याच्या ठळक सूचनेसह. ती सूचना बघायची सवय लाव. बायोआर्काइव्ह या वेबसाइटवरचे निबंध तज्ज्ञांनी तपासण्याआधीचे असतात, तसं लिहूनच वापर. एखादा निबंध पैशांशिवाय उघडत नसेल तर लेखकाला दोन ओळींचा ईमेल कर, बरेच जण पाठवतात. सरकारी कॉलेजांना २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्राच्या योजनेतून सुमारे १३,००० जर्नल मिळाली आहेत, तेव्हा जवळच्या एखाद्या सरकारी कॉलेजातल्या बॉटनीच्या सरांना किंवा मॅडमना जाऊन भेट.

आणि पहिलं वाक्य खोडून पानफुटीपासून सुरुवात कर, तीही स्नेक प्लांटसारखं रात्री आम्ल साठवते. ईस्ट इंडिया कंपनीत असलेल्या बेंजामिन हाइन यांना इथे भारतात बागेतलं पानफुटीचं पान सकाळी आंबट लागलं, दुपारी बेचव. १८१३ मधल्या पत्रात त्यांनी तसं लंडनच्या लिनियन सोसायटीला, म्हणजे निसर्ग अभ्यासकांच्या संस्थेला, कळवलं. तू चव घेऊ नकोस, त्या पानात विषारी द्रव्यं असतात. एक पान पहाटे आणि त्याच कुंडीतलं दुसरं संध्याकाळी खुडून चुरड, रसाला पीएच पेपर लाव, दोन्ही पट्ट्यांचे फोटो काढ. रात्रभरात साठलेलं आम्ल रंगात दिसेल.

आणि दादा, तुम्ही पहाटेचा गजर लावा. पीएच पेपरची पुडी कॉलेजच्या लॅबमधून मिळेल.