दुकानदाराचं नवं वाण आणि घरचं बियाणं : शेतकऱ्यांच्या तीन प्रश्नांना उत्तरं

प्रश्न (मानवत, जि. परभणी) : बीजी-टू कापूस लावूनही दोन वर्षं बोंडात गुलाबी अळी निघाली. दुकानदार म्हणतो, यंदा तणनाशक चालणारं नवीन पाकीट घ्या, अळीही येत नाही आणि खुरपणीही वाचते. घ्यावं का?

घेऊ नका. ते ‘नवीन’ म्हणजे चोर बीटी, चोरून विकलं जाणारं तणनाशक सहन करणारं कापसाचं बियाणं. त्याला देशात लागवडीची परवानगीच नाही, त्यामुळे पाकिटावर कंपनीचा खरा पत्ता नसतो आणि पक्कं बिल मिळत नाही. उगवलं नाही तर तक्रार कुणावर करणार? माझ्याकडे असे शेतकरी येतात. हातात चुरगळलेली पिशवी असते, बिल मागितलं की खाली बघतात. बिल नसेल तर तक्रार निवारण समितीसमोर तुमची बाजू उभीच राहत नाही.

आता त्यावर मारायचं तणनाशक. ग्लायफोसेट मारल्यावर पऱ्हाटी (कापसाचं झाड) वाचते, बाकी हिरवं सगळं जळतं. आपल्याकडे पऱ्हाटीत तुरीचे तास असतात, मुगाच्या ओळी असतात. त्या त्याच दिवशी गेल्या समजा. वारं असेल तर बांधापलीकडच्या भावाचं सोयाबीनही पिवळं पडतं आणि भांडण तुमच्या दारात येतं. एका वावरात मी पाहिलं, तुरीचे सहाही तास वाळलेले आणि पऱ्हाटी डौलात उभी. मालक म्हणाला, दुकानदारानं सांगितलं होतं, पंपाला एक झाकण जास्त टाका म्हणजे लव्हाळ्यासारखं चिवट तणही जातं. दुकानदार झाकणं मोजत नाही, तो बाटल्या मोजतो.

अळीचं म्हणाल तर तिचा तणनाशकाशी काडीचा संबंध नाही. बीजी-टूमध्ये दोन बीटी जनुकं आहेत, क्राय वन एसी आणि क्राय टू एबी. 2006 साली ते आलं तेव्हा गुलाबी अळी मरत होती, आता तिला त्याची सवय झाली आहे. हिरव्या बोंडअळीवर ते अजून चालतं. मावा, तुडतुडे, फुलकिडे यांच्यावर ते कधीच चालत नव्हतं, हे ध्यानात ठेवा.

सवय का झाली? आपल्याकडे लावतात ते संकरित वाण. प्रत्येक बीटी जनुकाची एकच प्रत झाडात असते, म्हणून त्याच झाडाच्या बोंडातल्या सरक्या (बिया) सारख्या नसतात. सोळा सरक्यांमागे साधारण एकीत दोन्हींपैकी एकही जनुक नसतं, काहींत एकच असतं. बोंडात तीस सरक्या धरल्या तर दोनेक सरक्या अगदी साध्या निघतात. गुलाबी अळी नेमकी सरकी खाऊन वाढते. जहाल आणि साधं असं दोन्ही खाणं एकाच ताटात मिळालं, आणि ती तयार झाली. त्यात आपण भर घातली. सवय न झालेल्या अळ्या टिकाव्यात म्हणून पाकिटासोबत दिलेलं बिगरबीटी बियाणं न पेरता बांधावर टाकलं, आणि फरदडीच्या (हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर पुन्हा कापूस घेण्याच्या) नादात मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी ठेवली.

म्हणून करायचं ते असं. जूनच्या आधी कापूस लावू नका, मे महिन्यातली लागवड म्हणजे अळीला लवकर पंगत. कमी कालावधीचं वाण घ्या. एकरी दोन कामगंध सापळे (गंधानं नर पतंग ओढणारे) पाते म्हणजे कळ्या लागायच्या आधी लावा. पोळ्याच्या अमावस्येच्या आसपास रोज वीस झाडं फिरून डोमकळ्या (अळी शिरल्यानं न उमलता मिटून राहिलेली फुलं) बघा, दिसल्या की तोडून जाळा. पाच टक्के निंबोळी अर्क मारा, म्हणजे शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळ्या. सापळ्यात सलग तीन दिवस आठ-आठ पतंग आले किंवा दहा टक्के बोंडं किडली तरच रासायनिक औषध, तेही लेबलवरच्या मात्रेनं. सुरुवातीलाच पायरेथ्रॉईड गटातलं कीटकनाशक मारून पांढरी माशी ओढवून घेऊ नका. चार औषधं एका पंपात कालवू नका. पुन्हा सांगतो, कालवू नका. 2017 साली यवतमाळात फवारणीची विषबाधा होऊन माणसं गेली, तो हंगाम मी विसरलेलो नाही. आणि डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटून वावर मोकळं करा.

प्रश्न (सेनगाव, जि. हिंगोली) : मागच्या वर्षीचं सोयाबीन घरात आहे. दुकानदार म्हणतो, घरच्या बियाण्याचा वाण उतरतो, नवी बॅग घ्या. कापसाची सरकीही घरची चालेल का?

सरकी चालणार नाही, कारण वर सांगितलंच. संकरित झाडाची पुढची पिढी सारखी निघत नाही. सोयाबीनचं तसं नाही. त्याचं फूल उमलायच्या आधीच आपलं आपण फळतं, त्यामुळे वाण उतरत नाही. प्रमाणित बियाण्याचं पीक पुढची दोन वर्षं बियाण्याला वापरा. परभणी विद्यापीठाचं एमएयूएस 71 असो, 158 असो, नाहीतर 612, सगळ्यांना हेच लागू. बॅगवर खर्च करण्यापेक्षा घरचं ठेवा, हे मी पंधरा वर्षं ओरडून सांगतोय.

बिघडते ती उगवण. सोयाबीनचं साल पातळ असतं, पोतं उंचावरून आपटलं की आतलं बी मेलं. मळणीयंत्राचा ड्रम मिनिटाला चारशे-पाचशे फेऱ्यांच्या वर गेला तरी तेच. पोत्यांची थप्पी पाच-सहाच्या वर नको.

उगवण घरी बघा. ओलं गोणपाट पसरा, त्यावर दहा-दहाच्या रांगेत शंभर दाणे मांडा, वर दुसरं ओलं गोणपाट टाकून हलक्या हातानं गुंडाळी करा. सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडा. सातव्या दिवशी उघडा आणि नीट कोंब आलेले मोजा, नुसते फुगलेले नाही. सत्तर आले तर एकरी तीस किलो. सत्तरच्या खाली प्रत्येक दाण्यामागे अर्धा किलो वाढवा. साठच्या खाली आले तर ते तेलाला द्या, पेरू नका.

बीजप्रक्रिया करताना आधी बुरशीनाशक, सावलीत वाळलं की मग रायझोबियम. उलटं केलं तर जिवाणू मरतात. पेरणी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावर, बी दीड-दोन इंचाच्या खाली जाऊ नये. पहिल्या सरीला पेरून मग दुबार पेरणीचा अर्ज घेऊन येऊ नका. अनुदानाचं बियाणं हवं असेल तर सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज आहे, मंजुरीचा मेसेज आल्यावरच उचला.

प्रश्न (उदगीर, जि. लातूर) : गायीला कालवडच व्हावी म्हणून वीर्याची नवी कांडी आली आहे म्हणतात. माझ्या देवणी गायीला भरावी का? एकदा भरली, गाय उलटली, गाभण राहिली नाही.

हे खातं पशुसंवर्धनवाल्यांचं, पण थोडक्यात सांगतो. कांडी खरी आहे, साधारण दहात नऊ कालवडी होतात. मात्र तिच्यात शुक्रजंतू कमी असतात, म्हणून गाभण राहण्याचं प्रमाण नेहमीच्या कांडीपेक्षा कमी. एकदा उलटली म्हणून घाबरू नका, आणि खासगी रेतक ‘डबल कांडी भरतो’ म्हणाला तर त्याला पैसेही देऊ नका. चूक बहुतेक वेळेची असते. माज सकाळी दिसला तर साधी कांडी संध्याकाळी भरतात, ही त्याहून थोडी उशिरा. सोट (माजात गळणारा चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ हवा, पांढुरका असेल तर आधी डॉक्टरला दाखवा. निरोगी, अंगानं भरलेली पहिलारू कालवड यासाठी सगळ्यात बरी. राष्ट्रीय गोकुळ मिशनमधून कांडी सवलतीत मिळते, जवळच्या दवाखान्यात विचारा.

आणि देवणीला देवणीचीच कांडी मागा. वानेरा, बाळंक्या, शेवरा या देवणीच्या प्रकारांपैकी तुमची कुठली आहे ते सांगून घ्या. दूध वाढेल म्हणून कुणी परदेशी होल्स्टीनची कांडी भरायचा आग्रह धरला तर एप्रिलमधला तुमचा हौद आणि कडब्याची गंजी त्याला दाखवा.